कोजागिरीची बारा छायाचित्रे

आश्विनातील पौर्णिमेची रात्र आहे. बडोद्याच्या एका जुन्या वस्तीत, तीन मजली घराच्या गच्चीवर सतरंज्या अंथरल्या आहेत. एका कोपऱ्यात दुधाचे मोठे पातेले मंद आचेवर आटत असून केशर, वेलदोडा आणि जायफळ यांचा सुवास सर्वत्र दरवळत आहे. दुसऱ्या कोपऱ्यात गुजराती शेजाऱ्यांनी आणलेले दूधपोहे पातळ फडक्याने झाकून चांदण्यात ठेवले आहेत. महाराष्ट्रातील कोजागिरी ती गुजरातेतील शरद पूनम. ह्याच रात्री बंगालात घरोघरी लक्ष्मीपूजन होते आणि ओडिशात कुमारपौर्णिमा साजरी होते. चंद्र एकच, त्याच्याखाली मांडलेली ताटे तेवढी निरनिराळी.

गच्चीवर वीस-बावीस माणसे जमली आहेत. वय, भाषा, व्यवसाय यांपैकी कशातच त्यांचा परस्परांशी मेळ नाही. चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक आहेत, रुग्णालयात रात्रपाळी करणारी एक परिचारिका आहे, बँकेतील कारकून आहे, रेल्वेच्या कारखान्यातील कारागीर आहे, महाविद्यालयातील दोन विद्यार्थिनी आहेत आणि शेजारच्या चौकातील किराणा दुकानदारही आहे. मात्र प्रत्येकाच्या हातात एकेक जाड पाकीट आहे, आणि त्या पाकिटातच त्यांच्या स्नेहाचे मर्म आहे. ही सारी मंडळी हौशी छायाचित्रकार आहेत. भाद्रपदातील गणेशोत्सवात किंवा नुकत्याच संपलेल्या नवरात्रात त्यांपैकी प्रत्येकाने कोठे ना कोठे एखाद्या सार्वजनिक समारंभाची छायाचित्रे, एक पैही न घेता, काढून दिली आहेत. त्या कामाचा हिशेब आज एकमेकांना द्यावयाचा आणि दिवाळीच्या कामाची वाटणी करावयाची, असा ह्या मेळाव्याचा परिपाठ आहे.

ह्या मंडळींच्या संघाला नाव नाही, घटना नाही, अध्यक्षही नाही. प्रस्तुत लेखक काही वर्षे बडोद्यास नोकरीनिमित्त राहत होता, तेव्हा तो ह्या गच्चीवर प्रथम आला. पुढे गाव सुटले, पण कोजागिरी सुटली नाही. आपल्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी आज कॅमेरा आहे, आणि भ्रमणध्वनीतला कॅमेरा तर जवळजवळ प्रत्येकाच्या खिशात आहे. तेव्हा ह्या गच्चीवर मी जे शिकलो, आणि जे शिकण्यापूर्वी माझ्या हातून जे राहून गेले, ते त्यांच्यापुढे ठेवावे असे वाटते.

बाराच का?

मेळाव्याचा नियम एकच. प्रत्येकाने आपल्या कामातून निवडलेली बारा छायाचित्रे आणावयाची, आणि तीही कागदावर छापलेली. भ्रमणध्वनीच्या काचेवर बोट सरकवून दाखवलेली चित्रे येथे चालत नाहीत. बारा ह्या संख्येमागे आमच्या चित्रकला-शिक्षकांची आठवण आहे. त्यांना आम्ही सारे ‘मास्तर’ म्हणतो. त्यांचा पहिला कॅमेरा ‘आग्फा क्लिक थ्री’ हा होता. बडोद्याच्याच न्यू इंडिया इंडस्ट्रीज ह्या कारखान्यात तयार होणारा हा साधा, स्वस्त कॅमेरा एके काळी देशभर मध्यमवर्गीय घरांतून आढळत असे. त्यात १२० क्रमांकाची फिल्म घातली की चौकोनी आकाराची बारा छायाचित्रे निघत. बारा चित्रांत लग्न उरकावयाचे, बारा चित्रांत सहल बसवावयाची. त्यामुळे बटण दाबण्यापूर्वी माणूस विचार करी. आज एका संध्याकाळी सातशे-आठशे चित्रे सहज निघतात. ती काढण्यास कोणाची ना नाही. पण त्यांतून बारा निवडताना तोच जुना विचार पुन्हा करावा लागतो, असे मास्तरांचे म्हणणे.

बडोदे शहराचा छायाचित्रणाशी आणखीही एक जिव्हाळ्याचा संबंध आहे. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा गौरव होतो, त्या होमाई व्यारावाला यांनी आपल्या आयुष्याची अखेरची कित्येक वर्षे ह्याच शहरात काढली. १९१३ मध्ये नवसारी येथे जन्मलेल्या ह्या पारशी महिलेने मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिक्षण घेतले. १९४७ च्या ऑगस्टमधील स्वातंत्र्याचे सोहळे तिने आपल्या कॅमेऱ्यात टिपले. २०११ मध्ये तिला पद्मविभूषण हा सन्मान मिळाला, आणि पुढच्याच वर्षी, जानेवारी २०१२ मध्ये, तिने बडोद्यास देह ठेवला. पंतप्रधान, राष्ट्रपती आणि परदेशचे पाहुणे यांची चित्रे टिपणाऱ्या ह्या महिलेला विद्यार्थिदशेत मिळालेले पहिले काम कोणते होते? एका सहलीची छायाचित्रे काढण्याचे! आनंदासाठी एकत्र जमलेल्या सामान्य माणसांपासून तिने आरंभ केला, ही गोष्ट आमच्या गच्चीवर अभिमानाने सांगितली जाते.

हौसेची जुनी परंपरा

छायाचित्रणाची हौस आपल्या देशाला नवी नाही. फ्रान्समध्ये दागेरच्या शोधाची घोषणा १८३९ साली झाली, आणि दुसऱ्याच वर्षी ह्या नव्या विद्येची साधने कलकत्त्याच्या बाजारात आली. १८५४ मध्ये मुंबईस छायाचित्रणाची संस्था स्थापन झाली. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था त्यानंतर दोन वर्षांत निघाल्या. मुंबईच्या संस्थेच्या आरंभीच्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे होते. दोघेही व्यवसायाने वैद्य. छायाचित्रण ही त्यांची विद्याव्यासंगातून आलेली हौस. इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणारे लाला दीनदयाळ यांनी नोकरी सांभाळून १८७४ च्या सुमारास हा छंद जोपासण्यास आरंभ केला. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार झाले आणि ‘राजा’ ह्या किताबाने ओळखले जाऊ लागले. जयपूरचे महाराज सवाई रामसिंह हे स्वतः कॅमेरा चालवीत.

मात्र ही सारी हौस वैद्यांची, अधिकाऱ्यांची आणि राजांची होती. काचेच्या जड तबकड्या, औषधांच्या बाटल्या आणि काळोखी खोली हे सारे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचे होते. अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने १८८८ मध्ये गुंडाळलेल्या फिल्मचा कोडॅक कॅमेरा विक्रीस काढला आणि १९०० मध्ये अवघ्या एका डॉलरला मिळणारा ‘ब्राउनी’ बाजारात आणला. तेव्हापासून घरगुती छायाचित्र ही गोष्ट जगात शक्य झाली. आपल्याकडे १९६० मध्ये उदकमंडलम् येथे हिंदुस्थान फोटो फिल्म्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली, आणि तिच्या ‘इंदु’ नावाच्या फिल्मवर अनेक कुटुंबांचे विवाह, बारशी आणि मुंजी उमटल्या. त्या फिल्मचा आणि त्या कारखान्याचा काळ आता सरला आहे. छायाचित्र राजवाड्यातून माजघरापर्यंत येण्यास असा सुमारे शंभर वर्षांचा काळ लागला. माजघरातून ते स्वयंपाकघरात पोहोचले काय, हा प्रश्न मात्र मला फार उशिरा पडला.

काकूंचे छायाचित्र

बडोद्यास असताना मी ज्या वसाहतीत राहत होतो, तेथील गणेशोत्सवाची छायाचित्रे काढण्याचे काम पाच वर्षे माझ्याकडे होते. मंडळाचे कार्यवाह श्रावणातच मला गाठीत आणि म्हणत, “साहेब, फोटोंचं तुमच्याकडे बरं का! बाहेरचा माणूस लावला तर तो पैसे घेतो आणि आपली माणसं ओळखत नाही.” हे ऐकून मला मोठी धन्यता वाटे. मूर्तीच्या आगमनापासून विसर्जनापर्यंत मी कॅमेरा घेऊन उभा असे. आरती, मुलांच्या वेषभूषा-स्पर्धा, प्रमुख पाहुण्यांना शाल-श्रीफळ, लेझीम, मिरवणूक, सारे सारे मी टिपले. चित्रे मंडळाच्या पेटीत गेली, काही फलकावर लागली, पुष्कळ तर संगणकातच राहिली.

उत्सवात एक दिवस महाप्रसाद असे. अडीचशे-तीनशे पाने उठत. वसाहतीच्या मागच्या पडवीत पहाटेपासून चुली पेटत, आणि त्या सगळ्या व्यापावर देखरेख असे ती समोरच्या घरातील काकूंची. मसालेभाताला फोडणी कधी घालावयाची, कोशिंबिरीत मीठ कोणी घालावयाचे, कोणाच्या पानात दुसऱ्यांदा जिलबी वाढावयाची, हे सारे त्यांच्या शब्दाने चाले. पंगती उठून गेल्यावर त्या मला हाक मारीत. “अरे, फोटोच काढत बसलास! जेवलास का?” आणि ओगराळ्याने माझ्या पानात वरण वाढीत.

सहाव्या वर्षी आषाढात काकू गेल्या. चार दिवसांनी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. थोडा वेळ तो नुसताच बसला. मग म्हणाला, “दादा, आईचा एखादा चांगला फोटो असेल का हो तुमच्याकडे? लग्नातला आहे, पण तो चाळीस वर्षांपूर्वीचा. ओळखपत्रावरचा आहे, त्यात ती आईसारखी दिसतच नाही. तुम्ही इतकी वर्षं काढताय. एखादा तरी असेलच.”

“असेलच. उद्या देतो,” असे मी सहज म्हटले.

त्या रात्री मी पाच वर्षांची छायाचित्रे पाहावयास बसलो. चार हजारांवर चित्रे होती. मूर्तीची चित्रे समोरून, डावीकडून, उजवीकडून, फुलांसह आणि फुलांवाचून, इतकी होती की मोजता मोजता मी थकलो. प्रमुख पाहुणे होते. त्यांपैकी दोघांची नावेही मला आता आठवेनात. वर्गणी देणारे होते, वर्गणी घेणारे होते. काकू कोठेच नव्हत्या. महाप्रसादाच्या दिवशी मी पंगतीची चित्रे काढली होती, भरलेल्या पानांची काढली होती, वाढणाऱ्या तरुणांची काढली होती. त्या पडवीत मी पाच वर्षांत जेवावयास गेलो, पण कॅमेरा घेऊन एकदाही गेलो नव्हतो.

पहाटेच्या सुमारास एक चित्र सापडले. वेषभूषा-स्पर्धेतील चार मुले पुढे उभी होती, आणि त्यांच्या मागे, दूर पडवीच्या दारात एक आकृती होती. चित्र मुलांवर जुळवलेले असल्यामुळे ती आकृती अस्पष्ट आली होती. पदर खोचलेला, हातात ओगराळे, चेहऱ्याचा अर्धा भाग चौकटीआड. मुलांपैकी एकाची मिशी निसटत होती, आणि ते पाहून ती आकृती हसत होती. मी तो भाग जितका मोठा करता येईल तितका केला. रवाळ, धूसर असे ते चित्र छापून मी दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाच्या हाती दिले आणि खाली मान घालून उभा राहिलो.

त्याने ते बराच वेळ पाहिले. “हीच,” तो म्हणाला. “हसतेय बघा.” आणि त्याने ते चौकटीत बसवून घेतले. त्याने मला एका शब्दानेही दोष दिला नाही. तो त्याच्या मनाचा मोठेपणा होता. त्याने माझी चूक लहान होत नाही.

त्या वर्षीच्या कोजागिरीला मी माझ्या बारा चित्रांत ते धूसर चित्र आणले आणि घडलेली हकीकत सांगितली. कोणीतरी सांत्वन करील अशी माझी अपेक्षा असावी. मास्तरांनी चित्र हातात घेतले, उलटून त्याची कोरी पाठ पाहिली आणि विचारले, “ह्यांचं नाव काय होतं?”

मला ते ठाऊक नव्हते. पाच वर्षे ज्यांच्या हातचे जेवलो, त्या मला केवळ ‘काकू’ होत्या. ते नाव मी नंतर त्यांच्या मुलाकडून विचारून घेतले. आता ते त्या छायाचित्राच्या पाठीवर लिहिलेले आहे.

देणे झाल्यावरच काम पुरे

त्या रात्री पुष्कळ वेळ चर्चा झाली, आणि तिच्यातून काही पद्धती ठरल्या. त्यांना नियम म्हणणे धाडसाचे होईल. पण गेली कित्येक वर्षे आमची मंडळी त्या पाळीत आली आहेत.

पहिली पद्धत अशी की, समारंभाच्या जागी पोहोचल्यावर प्रथम मागच्या बाजूस जावयाचे. स्वयंपाक करणाऱ्या बायका, मंडप बांधणारे, दिव्यांच्या तारा ओढणारे, भांडी घासणारे, पादत्राणे सांभाळणारे, ह्यांची चित्रे आधी, व्यासपीठ त्यानंतर. व्यासपीठाची चित्रे आज दहा जण काढतच असतात. मागच्या बाजूचे चित्र आपण काढले नाही तर बहुधा ते कोणीच काढीत नाही.

दुसरी, विचारून काढावयाचे. कामात गुंतलेल्या माणसाला चित्र काढून घेण्यास संकोच वाटतो. घाम आलेला असतो, लुगडे साधे असते. “काम आवरलं की सांगा, तेव्हा काढतो,” असे म्हटले तर बहुतेकांचा चेहरा खुलतो. नको म्हणणाऱ्याचे चित्र काढू नये. गरबा खेळणाऱ्या मुलींची वा लहान मुलांची छायाचित्रे त्यांच्या किंवा त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून भ्रमणध्वनीवरून गावभर पाठवू नयेत. फुकट केलेल्या कामालाही हे बंधन असतेच. उलट, आपण घरचे म्हणून लोकांनी आपल्याला आत घेतलेले असते, त्यामुळे ते अधिकच पाळावयास हवे.

तिसरी, मागे नाव लिहावयाचे. चित्राच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने नाव, प्रसंग आणि साल लिहावे. टोकदार पेनने लिहिल्यास खूण पुढच्या बाजूस उमटते, आणि शाई कालांतराने आतून फुटून वर येण्याचा संभव असतो.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची, महिन्याच्या आत प्रत छापून ज्याची त्याच्या हाती द्यावयाची. छायाचित्र काढले म्हणजे सेवा झाली असे नव्हे. ते दिले म्हणजे झाली. भ्रमणध्वनी हरवतात, संगणक बिघडतात, नवी उपकरणे जुनी फीत वाचीत नाहीत. दीडशे वर्षांपूर्वीची कागदावरची चित्रे मात्र आजही डोळ्यांनी पाहता येतात. प्रतींचा खर्च मंडळाच्या अंदाजपत्रकात धरावा असा आमचा आग्रह असतो. फुले, मंडप आणि ध्वनिक्षेपक यांच्या रांगेत ‘छायाचित्रांच्या प्रती’ एवढी एक बाब वाढवली की ते काम होते. आरंभी कार्यवाह कुरकुरतात. पण दिवाळीच्या सुमारास मंडपवाल्याच्या मुलाला त्याच्या वडिलांचे चित्र हातात मिळते, तेव्हा पुढच्या वर्षी तीच बाब कार्यवाह आपण होऊन मांडतात, असा आमचा अनुभव आहे.

ही कल्पना केवळ आमच्या गच्चीपुरती नाही, हे पुढे कळले तेव्हा आनंद वाटला. अमेरिकेतील नॅशविल शहरातील जेरेमी कॉवर्ट ह्या छायाचित्रकाराने २००८ मध्ये ‘हेल्प-पोर्ट्रेट’ नावाचा उपक्रम योजला, आणि २००९ च्या डिसेंबरात, नाताळाच्या आधी, तो प्रथम मोठ्या प्रमाणावर पार पडला. नाताळाच्या दिवसांत छायाचित्रकारांनी एकत्र जमावे, ज्यांना स्वतःचे चांगले छायाचित्र कधी काढून घेता आले नाही अशा गरजू माणसांना बोलवावे, त्यांची चित्रे काढावी, तेथेच छापावी आणि त्यांना भेट द्यावी, अशी ती योजना. ती चित्रे छायाचित्रकाराच्या नावलौकिकासाठी नसून ज्याची त्याच्यासाठी असतात. पुढे ती अनेक देशांत पसरली. सण निराळा, देश निराळा. पण आनंदाच्या दिवसांत माणसाला त्याचाच चेहरा भेट म्हणून द्यावा, ही भावना तीच.

घरच्या समारंभासाठी थोडे मार्गदर्शन

आपल्या इमारतीत, गावात वा कार्यालयात अशी चित्रे काढण्याची इच्छा असणाऱ्या वाचकांसाठी आमच्या मंडळींच्या अनुभवातील काही गोष्टी येथे देतो.

आरतीच्या वेळी फ्लॅश वापरू नये. निरांजनाचा प्रकाश पुरेसा असतो. मूर्तीच्या बाजूस कडेला उभे राहावे, म्हणजे ज्योतीचा उजेड आरती करणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर पडलेला दिसेल. कॅमेऱ्याने प्रकाश मोजावयाचा तो चेहऱ्यांवरून. ज्योतीवरून मोजल्यास चेहरे काळवंडतात.

दिवाळीची रोषणाई पूर्ण काळोखात काढण्यापेक्षा सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी काढावी. त्या वेळी आकाशात निळसर प्रकाश शिल्लक असतो, त्यामुळे घरांचे आकार आणि माणसे दिव्यांबरोबर दिसतात. कॅमेरा तिपाईवर ठेवावा. ती नसेल तर कठड्यावर टेकवून, श्वास रोखून बटण दाबावे.

गरब्याच्या फेऱ्यात शटर फार वेगाने उघडझाप करणारे असू नये. सेकंदाचा पंधरावा भाग ठेवल्यास घेर फिरताना दिसतो. जिच्याबरोबर आपण कॅमेरा फिरवतो, तिचा चेहरा त्यातल्या त्यात स्थिर येतो. दहा चित्रांपैकी नऊ बिघडतील. त्याची खंत करू नये.

समूहचित्रात कोणीतरी डोळे मिटतोच. म्हणून तेच चित्र चार-पाच वेळा काढावे. वृद्धांना मध्यभागी खुर्च्यांवर बसवावे आणि आधी त्यांनाच मोकळे करावे. रणरणत्या उन्हात ओळ उभी करू नये; सावलीत सर्वांचे डोळे उघडे राहतात.

स्वयंपाकाच्या जागी वाफेने भिंग धुरकट होते. आत गेल्यावर कॅमेरा काही मिनिटे तेथील उष्णतेस सरावू द्यावा आणि मऊ कोरडे फडके जवळ ठेवावे. खिडकी वा दार यांतून येणाऱ्या उजेडाच्या बाजूस तोंड असलेल्या माणसाचे चित्र उत्तम येते. चुलीजवळ काम करणाऱ्यांच्या वाटेत मात्र उभे राहू नये. उकळत्या पातेल्यापाशी एक धक्का पुरे होतो.

आणि कोजागिरीविषयी एक गंमत. पुष्कळांना वाटते की चंद्राचे चित्र काढणे कठीण. वस्तुतः चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक आहे. संवेदनक्षमता १००, भिंगाचे छिद्र ११ आणि सेकंदाचा शंभरावा भाग एवढ्यावर तो स्वच्छ उमटतो. अवघड असतात ती त्याच्या प्रकाशात बसलेली माणसे. पौर्णिमेचे चांदणे सूर्यप्रकाशापेक्षा सुमारे चार लाख पटींनी मंद असते. चंद्राला बेताचा असलेला प्रकाश ठेवला तर गच्ची काळी पडते, आणि गच्ची दिसावी म्हटले तर चंद्र नुसता पांढरा ठिपका होतो. दोन्ही एका चित्रात साधत नाहीत. कोणते हवे ते आधी ठरवावे लागते. आमची मंडळी फार दिवसांपासून गच्ची निवडतात आणि चंद्राला पांढरा ठिपका होऊ देतात.

गेल्या कोजागिरीची गोष्ट

गेल्या कोजागिरीस मी गेलो तेव्हा दूध आटून झाले होते आणि पाकिटे उघडली जात होती. परिचारिकेने आपल्या रुग्णालयाच्या आवारातील गणपतीची चित्रे आणली होती. त्यांत रात्री दोन वाजता आरतीचे ताट हातात घेऊन उभी असलेली एक आया होती. किराणा दुकानदाराच्या बारा चित्रांपैकी नऊ नेमकी पाणी वाटणाऱ्या मुलांची होती. रेल्वेतल्या कारागिराने विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ टिपली होती. हातात झाडू घेतलेल्या सफाई कामगारांची एक ओळ, गुलालाने रंगलेल्या रस्त्यावर, कॅमेऱ्याकडे ताठ मानेने पाहत उभी होती. त्यांपैकी प्रत्येकाला प्रत पोहोचली होती, हे त्याने प्रथम सांगितले आणि मग चित्र पुढे केले.

दोन विद्यार्थिनींपैकी धाकटी प्रथमच आली होती. तिचे शेवटचे चित्र फार सुंदर होते. नवरात्रातल्या मैदानाच्या कडेला, वीजजनित्राच्या शेजारी, एक प्रौढ माणूस पेटीवर बसून डबा खात होता. त्याच्या मागे, दूर, हजारो दिव्यांचा आणि फिरत्या घेरांचा गोल होता. ते चित्र हातोहात फिरले. जो तो वाखाणणी करीत होता. मुलीचा चेहरा आनंदाने फुलला होता.

चित्र मास्तरांकडे आले. त्यांनी ते दिव्याखाली धरून पुष्कळ वेळ पाहिले. “फार चांगलं आहे,” ते म्हणाले. मग त्यांनी ते उलटले. पाठ कोरी होती.

“ह्यांना प्रत दिलीस?”

मुलगी गोरीमोरी झाली. “नाही. मला त्यांचं नाव माहीत नाही, मास्तर. नऊ रात्री ते तिथंच असायचे, पण…”

मास्तरांनी चित्र तिच्या हाती परत दिले. त्यांच्या स्वरात राग नव्हता.

“मंडपवाल्याला ठाऊक असेल. उद्या विचारून ये. दिवाळीला अजून पंधरा दिवस आहेत.” आणि दुधाचा पेला तिच्यापुढे सरकवत ते पुढच्या पाकिटाकडे वळले. त्या रात्री तिची अकराच चित्रे मोजली गेली.

दिवाळीनंतर आठ दिवसांनी तिचे मला पत्र आले. त्यात दुसरे काही नव्हते. एक नाव, एका गावाचा पत्ता, आणि खाली एक ओळ: प्रत पोहोचली, त्यांनी आणखी एक मागितली आहे, आईसाठी.